पप्पांचा उपास

दि. २ मार्च

ताईस, भटक्या भावाचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र तीन पत्ते माझ्या मागे फिरून काल हाती आलं. मी आता गोदीजवळच्या एका गॅरेजात आहे. मालक दिवसभर शिट्टी वाजवतो, एकच चाल, तीही अर्ध्यात सोडतो. उरलेली माझ्या डोक्यात वाजत बसते. असो. कुठल्या कुठे गेलो.

तुझ्या लेकीचं, बुटकीचं, वाचलं. आता ती तुझ्याहून उंच झाली असेल, पण माझी बुटकीच. पंधरा वर्षांची पोर शाळेतून येते आणि भिंतीकडे तोंड करून पडते, केसांना कंगवा नाही, चर्चमध्ये गाणं बंद. ताई, ही आपली बुटकी? भर प्रार्थनेत मला चिमटे काढणारी? तिला इकडे पाठव. समुद्राचा वारा लागला की मरगळ पळेल.

आणि भावोजींच्या दोन ओळी या वेळी का नाहीत? रंगाच्या बोटाचा ठसा तरी उमटवायचा होता.

लोभ असू दे. पत्ता बदलला तरी माणूस तोच आहे.

तुझा भिंगरी


दि. ९ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

वाऱ्याने जायचं असतं तर तुझ्या डोक्यातलं कधीच गेलं असतं. मरगळ नाही रे ती. डॉक्टरबाई म्हणाल्या, नैराश्य आहे, आजारच आहे. गोळ्या दिल्यात, दर आठवड्याला बोलायला बोलावतात. चर्चचे पाळकसाहेबही घरी येऊन म्हणाले, प्रार्थना करा आणि गोळीही चुकवू नका. मला धीर आला.

तुझ्या भावोजींना नाही आला. बाप म्हणून आपण काहीतरी करायलाच हवं, असं त्यांनी घेतलंय. म्हणून उपास धरलाय. पोरगी पुन्हा हसेपर्यंत दिवसाचं जेवण बंद, अंधार पडल्यावर जेमतेम चार घास. दिवसभर शिडीवर चढून लोकांची छतं रंगवायची, पोटात नुसता चहा. परवा चक्कर आली, रंगाची बादली खाली, नशीब की ते वर राहिले. मी भांडले, तर म्हणतात, हे माझं आणि देवाचं चाललंय, तू मध्ये पडू नकोस.

बुटकीला आम्ही काही सांगितलेलं नाही. पण टेबलावर त्यांचं ताट पालथं असतं, आणि पोरीला डोळे आहेत. तू लिही तिला. तुझ्या फाजीलपणाला कधी कधी मान वर करते.

दूर असलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ताई


दि. १७ मार्च

प्रिय मामास, सलाम.

तुझं पत्र वाचलं. शिट्टीवाला मालक आवडला. हसू नाही आलं, पण आवडला. राग मानू नकोस.

पप्पा कशासाठी जेवत नाहीत ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलंय. म्हणून हसायचा मी सराव करते, न्हाणीतल्या आरशात. रविवारी जेवताना हसले. पप्पांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, ताट सुलटं केलं आणि इतकं भराभरा जेवले की मम्मी रडायला लागली. सोमवारी मला जमलं नाही. ताट परत पालथं.

मम्मी म्हणते, तुझ्यामुळे नाही गं. मग कुणामुळे? मी प्रार्थना करते तेव्हा रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं. मी नसतेच तर पप्पा पोटभर जेवले असते. हा विचार आता रोज येतो. आणि तो आला की बरं वाटतं. मम्मीला सांगू नकोस.

लोभ असावा असं लिहितात, म्हणून लिहिते.

बुटकी


दि. २१ मार्च

भावोजींस, सप्रेम सलाम.

बुटकीचं पत्र वाचलं आणि तसाच मळक्या हातांनी फोनकडे पळालो. तुमच्या शेजाऱ्यांनी ताईला बोलावलं. तिला सांगितलं, पोरीला क्षणभर एकटं सोडू नकोस, डॉक्टरबाईंना आजच्या आज गाठ. मग तुम्ही फोन घेतलात आणि मला नुसता तुमचा श्वास ऐकू आला. फोनवर तुम्ही बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

ती म्हणाली होती, सांगू नकोस. मी सांगितलं. आता कदाचित मला कधी लिहिणार नाही. चालेल. रुसायला ती असली म्हणजे झालं.

भावोजी, मला शास्त्र कळत नाही. चर्चमध्ये मी नुसता खिडकीबाहेर बघत बसायचो, तुम्हीच माझी मान सरळ करायचात. पण तुमचा उपास देवापर्यंत पोचला की नाही ते मला माहीत नाही, तिच्या ताटात मात्र तो रोज वाढला जातोय. जेवा. ती हसो, न हसो, तिच्यासमोर बसून जेवा. मला याहून काही सुचत नाही.

मी यायला निघालो होतो. ताई म्हणाली, इतक्यात नको, घरात माणसं वाढली की ती आणखी मिटते. तेव्हा इथेच आहे. सकाळपासून एकच नट सोडवतोय आणि परत आवळतोय.

मोठेपणा केला असेल तर रागवा, पण आधी जेवून घ्या.

तुमचा भिंगरी


दि. ३ एप्रिल

प्रिय भिंगरीस, सलाम.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. झालं ते सांगतो.

तिला त्याच दिवशी नेलं. तुला लिहिलेलं तिने बाईंना स्वतः सांगितलं. मी बाहेर बाकावर होतो, दार पातळ आहे. गोळी बदलली. घरातलं काय काय तिच्यापासून हलवायचं तेही बाईंनी समजावलं. ते हलवलं. सध्या तुझी ताई तिच्याजवळच झोपते.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आतच मी ताट सुलटं केलं. तिने विचारलं, उपास मोडला तर देव रागावणार नाही का? इतकी वर्षं मुलांचा रविवारचा वर्ग घेतला, पण हे तिथे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, रागावला तर माझ्यावर रागावेल, तू जेव. थोडं जेवली. म्हणाली, जेवताना माझ्या तोंडाकडे बघू नका. तेव्हापासून मी मिठाच्या बरणीकडे बघून जेवतो.

हसायची गरज नाही, असंही तिला सांगितलं. ती हसत नाहीच. आंघोळ एखाद्या दिवशी होते, एरवी नाही. वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही, असं बाई म्हणतात.

उपास होता तेव्हा निदान आपण काही करतोय असं वाटायचं. आता हातात काही नाही. गोळी द्यायची, आणि कामावरून आलो की तिच्या खाटेशेजारी फरशीवर बसायचं. प्रार्थना मनातल्या मनात, तिला ऐकू जाणार नाही अशी.

काल तिने न बोलता पाय पोटाशी घेतले. खाटेच्या टोकाला एका माणसापुरती जागा झाली. मला कळायला वेळ लागला. मग मी फरशीवरून उठून तिथे बसलो.

तुझा लोभ आम्हाला अजून पुष्कळ दिवस लागणार आहे.

भावोजी