गुळगुळीत पेटी

३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इथे आम्ही तिघं ठीक आहोत, म्हणजे चिमणी जशी असते तशी आणि आम्ही दोघं तिच्यामागे.

शाळेचं एकदाचं ठरलं. मोठ्या बाई म्हणाल्या की मुलगी बुद्धीनं चलाख आहे, पण आधाराशिवाय बसता येत नसेल तर वर्गात घेता येणार नाही. स्वतःच्या खुर्चीत दोन तास ताठ बसली तर एक जूनला प्रवेश देऊ. इथे अशी खुर्ची मापानं करून मिळते, पण नंबर लागायला दोन वर्षं लागतात आणि चिमणीला सहा पूर्ण झाली आहेत. आठच्या पुढे शाळेत नव्यानं कुणाला घेत नाहीत.

म्हणून बाबांना सांग, खुर्ची त्यांनीच करायची. सोबत सुतळी पाठवते आहे. पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत कंबर ते गुडघा, दुसरीपासून तिसरीपर्यंत गुडघा ते टाच, पुढची काखेपासून कोपर. ती डावीकडे कलते, तेव्हा खुर्चीचा डावा हात उंच हवा. वार्निश नको, ती लाकूड चावते.

आता हे नीट वाच आणि बाबांना वाचून दाखव, त्यांचे डोळे आता अक्षराला पुरत नाहीत. लाकूड या देशात बाहेरून सहज येऊ देत नाहीत, किड्यांची भीती असते. खुर्चीचं आणि पेटीचं, दोन्ही लाकूड वखारीतून भट्टीत तापवलेलंच घ्या. त्या प्रत्येक फळीवर काळं निशाण मारलेलं असतं. ते निशाण जागच्या जागी दिसलं पाहिजे, त्यावरूनच इथले साहेब लाकूड ओळखतात. वखारीचा दाखला नुसता असून भागत नाही. माझं रोजचं कामच हे आहे, लोकांचा माल कस्टममधून सोडवायचा, तेव्हा यात मला शहाणपण शिकवू नकोस.

बाबांच्या हाताचा कंप कमी आहे का? तुझं लोभाचं माणूस आहे मी, आळस न करता लिही.
तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. खुर्ची झाली आणि परवा जहाजावर चढलीसुद्धा. पाच आठवडे धर. दाखला आणि बाकीचे कागद वेगळे पाठवले आहेत.

तुझी सुतळी बाबांनी महिनाभर गळ्यात घातली होती. जेवतानाही काढली नाही. हात कापतो, पण हत्यार हातात आलं की थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डावा हात त्यांनी तीनदा केला. दोन चुलीत गेले. छापखान्यात मुद्रितं तपासताना मी जेवढ्या चुका काढतो त्याच्या दुप्पट ते स्वतःच्या कामात काढतात आणि शिव्या मात्र मला देतात.

पेटी तर बघत राहशील. वखारीतल्या फळ्या खडबडीत आणि वर काळे डाग. बाबा म्हणाले, माझ्या लेकीच्या दारात असली फळी जायची नाही, तिथले लोक काय म्हणतील, हिच्या बापाला रंधा मारता येत नाही? मग चार दिवस बसून एकेक फळी रंधून काढली. खुर्चीचं लाकूड तर आधीच काचेसारखं केलं होतं. तुझ्या साहेबांना त्या पेटीत तोंड बघून भांग पाडता येईल.

आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. भाऊजींना नमस्कार, चिमणीला तिच्या या बिनकामाच्या मामाकडून एक पापा. आठवण ठेव, मीही ठेवतोच.
तुझा,
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पेटी अडकली आहे.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच निशाणं गेली हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तोवर जहाज निघालं होतं. मनाला समजावलं की एखादं तरी निशाण राहिलं असेल. परवा माझ्यासमोर पेटी उघडली. चष्मेवाले साहेब मला दहा वर्षं ओळखतात. त्यांनी फळ्या उलटसुलट केल्या, खुर्ची उताणी केली, बॅटरी मारून सांधे पाहिले. एकही निशाण नाही. ते म्हणाले, दाखला निशाण असलेल्या लाकडाचा आहे आणि हे लाकूड बिननिशाणाचं, म्हणजे माझ्या लेखी हा दाखला या मालाचा नव्हेच. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. गेल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ असाच एक पाळणा सोडवायला आले होते. त्यांना मीच सांगितलं होतं की नियम सगळ्यांना सारखा. ते निघून गेले. आता ते रोज आठवतात.

एकवीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. तोवर लाकूड तेच आहे असा पुरावा द्यायचा, नाहीतर माल नष्ट. परत पाठवायचं म्हटलं तर तिकडे जाणारं जहाज मेच्या मध्यावर आहे. साहेब एवढंच करू शकले की शेवटच्या दिवसापर्यंत हात लावणार नाहीत.

मी लिहिलं होतं रे, निशाण दिसलं पाहिजे म्हणून. तू बाबांना वाचून दाखवलं होतंस की नाही, खरं सांग. वखारीतून काही लिहून मिळत असेल तर ताबडतोब पाठव.

खुर्ची फार सुंदर झाली आहे. मला हात लावू दिला. चिमणीला अजून काही सांगितलेलं नाही.
ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वखारीत तीनदा गेलो. ते म्हणतात, फळी एकदा आमच्या फाटकाबाहेर गेली की ती कुठली हे आम्ही सांगू शकत नाही, निशाण त्याचसाठी मारतो.

खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. मी ते वाचून दाखवलं नाही. सुतळीचं सगळं वाचलं, आणि लाकडाचं आलं तेव्हा गाळलं. लाकडाबद्दल कुणी शिकवलेलं बाबांना खपत नाही. ते रागावून कामच सोडतील अशी मला भीती वाटली. म्हटलं, सावकाश कानावर घालू. मग रंधा सुरू झाला तेव्हा मी दारातच उभा होतो. निशाण जाताना पाहिलं. दाखला आहे ना, असं मनाशी म्हटलं आणि ते गुणगुणत होते म्हणून गप्प बसलो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारणारा मी, आणि ही एक ओळ गाळली.

बाबांना काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र लपवून ठेवलं आहे. ताई, त्यांच्या हातांनीच खुर्ची गेली हे कळलं तर ते पुन्हा हत्यार धरणार नाहीत, आणि हत्याराशिवाय ते किती दिवस काढतील मला माहीत नाही. काहीही होवो, तू त्यांना खुर्ची मिळाली असं लिही. एवढं माझ्यासाठी कर. माझ्यावर राग काढ, पण पत्र लिहिणं थांबवू नकोस.
तुझा,
धाकटा

२२ एप्रिल

चि. धाकट्यास,
काल झालं. माल सोडवणाऱ्याच्या जागी माझी सही आणि माल घेणाऱ्याच्या जागीही माझीच. साहेबांनी थांबू नका म्हणून सांगितलं, तरी थांबले. यार्डाच्या टोकाला दातांचं यंत्र आहे, त्यात आधी फळ्या टाकल्या. खुर्ची दोघांनी उचलून आणली. डावा हात बराच वेळ आत जाईना, बाबांनी सांधा तसाच पक्का केला होता. यंत्र थांबवून पुन्हा चालू करावं लागलं. भुगा भट्टीत गेला. मी घरी आले आणि स्वयंपाक केला.

तुझ्यावर राग आहे. तो जाईल, पण इतक्यात नाही. सोबतचं पत्र बाबांना वाचून दाखव, आणि या वेळी एकही ओळ गाळू नकोस.
ताई

२२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. खुर्ची मिळाली. चिमणी तिच्यात ताठ बसते, डावीकडे कलत नाही. पेटीचं सगळ्यांनी कौतुक केलं. तुम्ही तब्येतीला जपा, डोळ्यांत औषध वेळेवर घालत चला. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची,
मोठी

१४ एप्रिल

चि. मोठीस,
आशीर्वाद. हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

धाकट्यानं तुझं पत्र कपाटावरच्या जुन्या मुद्रितांत दडवलं होतं. त्याला वाटतं मला दिसत नाही. भिंग लावून दोन दिवसांत वाचलं. चूक माझी आहे. काळा डाग दिसला आणि रंधा मारला. पन्नास वर्षांत डागाचं लाकूड मी कुणाला दिलं नाही. पोराला बोलू नकोस, त्यानं आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

आता ऐक. रंध्याचा भुसा मी टाकत नाही, शेजारीण बंबात घालायला नेते. तिच्याकडे चार पोती होती, त्यातली तीन शिल्लक. ती अंगणात ओतली आणि एकेक पापुद्रा उजेडात धरून पाहिला. चौदा निशाणं होती, अकरा सापडली. गुंडाळी झालेली पाण्यात भिजवून इस्त्रीनं सरळ केली आणि कागदावर चिकटवली आहेत. प्रत्येकाखाली फळी कुठली ते लिहिलं आहे. साहेबांना म्हण, पापुद्रा फळीवर ठेवा, रेषेला रेष जुळेल. लाकूड खोटं बोलत नाही. शेजारणीला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं.

पोस्टातला म्हणाला सहा दिवसांत पोचेल. आजच टाकतो. साहेब शहाणा माणूस दिसतो, मान्य करील. चिमणीला ताठ बसलेली बघायची माझी फार इच्छा आहे. तू हिंमत सोडू नकोस.
तुझा,
बाबा

५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल तुझं पाकीट आलं. माझं मी आधी वाचलं, मग बाबांचं त्यांना वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही.

ते ऐकून बाबा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, पापुद्रे पोचले तर. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, कपाटावरचं पत्र, तीन पोती, अकरा निशाणं, सगळं. मी तुझं दुसरं पत्र खिशात घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की म्हाताऱ्यानं भुशाच्या जोरावर कस्टमचा साहेब वाकवला.

आता पुढचं ऐक. मुलगी वाढणार, खुर्ची वर्षभरात लहान होणार, म्हणून त्यांनी आजपासूनच दुसरी धरली आहे. वखारीतून नव्या फळ्या आणल्या. निशाणावर रंधा इतक्या हलक्या हातानं मारतात की पापुद्रा अखंड निघतो. तो पाकिटात घालून वर नंबर टाकतात. म्हणतात, आता युक्ती कळली, लाकूडही गुळगुळीत आणि पुरावाही हातात. मी थांबवायला गेलो की काय सांगून थांबवू, हेच सुचत नाही. तूच सांग. वाट पाहतो.
तुझा,
धाकटा

१५ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र धाकट्याकडून वाचून घेऊ नका. मी मोठ्या अक्षरात लिहिते आहे, भिंग लावून स्वतः वाचा, दोन दिवस लागले तरी चालेल.

तुमचा कागद मला पंचवीस एप्रिलला मिळाला. मुदत एकवीसला संपली होती. खुर्ची त्याच दिवशी मोडली, मी तिथे होते. खुर्ची मिळाली, चिमणी बसते, हे मी खोटं लिहिलं. तुम्ही हत्यार खाली ठेवाल अशी आम्हा दोघांना भीती वाटली. तुमचं पत्र आल्यापासून तीनदा खरं लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. आज लिहिते, कारण आज धाकट्याचं पत्र आलं आणि तुम्ही पुन्हा रंधा मारता आहात हे कळलं.

तुमचा कागद मी चष्मेवाल्या साहेबांना नेऊन दाखवला. त्यांनी अकराही पापुद्रे वाचले, तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, वेळेत आला असता तर मी वर पाठवला असता, पण मान्य झालं असतं असं मला सांगता येत नाही. कागद त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. नियम मात्र तोच आहे, बाबा. फळीवरून उतरलेलं निशाण निशाण धरत नाहीत, पाकिटात कितीही जपलं तरी.

चिमणीची जागा दुसऱ्या मुलाला गेली. पुढच्या जूनला एकदा, शेवटचं, घेतील असं मोठ्या बाईंनी कबूल केलं आहे. तोवर ती आठची व्हायला एक महिना उरलेला असेल. आज ती भिंतीशी उशा लावून बसली होती, सारखी डावीकडे घसरत होती, आणि आजोबांची खुर्ची कधी येणार म्हणून विचारत होती. मी तिलाही खरं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, आजोबांना म्हणावं दुसरी करा.

म्हणून नवी सुतळी पाठवते. दुसरी गाठ एक बोट पुढे सरकली आहे, ती वाढीचा हिशेब धरून आणखी एक बोट सरकवा. रंधून झालेल्या फळ्या बाजूला ठेवा, नव्या आणा. चिमणीचं अंग लागेल तेवढंच घासा, आणि निशाण येईल तो भाग डाव्या हाताच्या वरच्या अंगाला, उघडा, काळाकुट्ट ठेवा. पेटीला हत्यार लावू नका. कुसं निघालेली असू दे, खिळे वाकडे दिसू दे. तुम्हाला लाज वाटेल, मला माहीत आहे. तुमच्या लेकीच्या दारात एकदा खडबडीत फळी येऊ द्या, बाबा.

रागावला असाल तर रागावूनच लिहा, पण लिहा. तुमचा जीव आमच्यात राहू द्या.
तुमची,
मोठी