आई शेजारच्या घरी रडायची

पप्पा, आज आईनं तुमच्याबद्दल विचारलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला जरा थांबावं लागतं. आई माझ्याकडेच असते, चांदे गावात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. तिला त्या आवडत नाहीत, पण चार दिवस कासार आंबोलीला जाऊन येऊ या का म्हटलं की नको म्हणते. तिथं आपल्या दोन खोल्या अजून आहेत, तुम्ही माळीकाम करायचात त्या बंगल्याच्या मागे. त्यात आता दुसरा माळी राहतो.

ताई कावीळ होऊन गेली तेव्हा तिचं नर्सिंग नुकतंच सुरू झालं होतं. आपल्या ख्रिस्ती मंडळीनं उपास धरले, पौडच्या ज्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही उपदेश करायचात तिथं तुम्ही गुडघे टेकून प्रार्थना केल्या, आणि तरी ती गेली. तिला मागच्या अंगणात आणून ठेवलं तो क्षण मला अजून दिसतो. आई हंबरडा फोडते, आणि तुम्ही पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवता. मला वाटतं, तुम्ही तिला जवळ घ्याल. तुम्ही म्हणता, “गप. आपण विश्वासणारे आहोत. पोरगी प्रभूकडं गेली, मग रडायचं कशाला?” आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या मावशी भातखाचरातून तशाच चिखलाच्या पायांनी धावत आल्या होत्या. त्या तुम्हाला म्हणाल्या, “दादा, रडू द्या की तिला. प्वार गेलीय तिची.” तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. संध्याकाळी मंडळीतली माणसं तुमच्या विश्वासाचं कौतुक करत घरी गेली.

पुढं महिनाभर मंडळीतल्या बहिणी भेटायला येत राहिल्या. त्यांचं मन वाईट नव्हतं. दुःख ही देवाची शाळा आहे, ज्यांच्यावर त्याची प्रीती त्यांनाच तो तावून घेतो, असं त्या आईला समजावत. हे सगळं त्या तुमच्याकडूनच शिकलेल्या होत्या. आई त्यांना चहा द्यायची, मान हलवायची. एकदा भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, “मी असं काय शिकायची राहिले होते गं, की त्यासाठी पोर न्यावी लागली?” मी शाळकरी पोर, तिनं घासलेली भांडी विसळत राहिले. त्यानंतर ती प्रार्थनेला बसली तरी तिचे ओठ हलत नसत, आणि गीत सुरू झालं की ती नुसती पुस्तकाकडं बघत राही. तिला वाटत होतं, तिच्यातच काहीतरी खोट आहे.

दुपारी ती तांदूळ निवडायला म्हणून मावशींकडं जायची, मला घेऊन. मावशींच्या स्वयंपाकघरात धुरानं काळी झालेली भिंत, कोपऱ्यात देव्हारा. तिथं सूप मांडीवर घेऊन आई रडायची, मोठ्यानं, मनसोक्त. मावशी समजूत काढायच्या नाहीत. भाकरी थापत राहायच्या, मधूनच पाण्याचा तांब्या पुढं सरकवायच्या. “हितं कोण न्हाई ऐकायला. रड,” एवढंच एकदा म्हणाल्या. एका दुपारी तुम्ही घराची किल्ली मागायला आलात. दारात तुमची सावली पडली, ती मी पाहिली. आईची पाठ होती. तुम्ही थोडा वेळ ऐकत उभे राहिलात आणि किल्ली न मागताच परत फिरलात.

मी तुमच्या मागे आले होते, हे तुम्हाला माहीत आहे. बंगल्याच्या हिरवळीवर नळी सोडून तुम्ही गुलाबांच्या वाफ्यापाशी उकिडवे बसला होतात. पाणी एकाच जागी साचत होतं. ताईचं नाव घेऊन तुम्ही रडत होतात. तसा आवाज मी त्याआधी कुणा माणसाचा ऐकला नव्हता. मला पाहिल्यावर तुम्ही चेहरा धुतला आणि म्हणालात, “आईला सांगू नकोस.” मी नाही सांगितलं.

नंतर तुम्ही बदललात, पण ते घराबाहेर. तुमच्या मातीच्या दिवशी मुळशीहून एक मासेमारी करणारे गृहस्थ आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांची बायको वारली तेव्हा तुम्ही पवित्र शास्त्र उघडलंच नाहीत. प्रभूसुद्धा मित्राच्या कबरीपाशी रडला होता एवढं बोललात, आणि मग त्यांच्याबरोबर ओट्यावर बसून रडलात. “पुन्हा देवाचं नाव घेऊ शकलो, ते त्या दिवसामुळं,” ते म्हणाले. मी हात जोडले, पण आतून तुटले. परक्याच्या ओट्यावर तुम्हाला जे जमलं, ते घरी कधीच का जमलं नाही? तुम्ही आणि आई इतकी वर्षं एका ताटातला घास वाटून खाल्लात आणि ताईचं नाव मात्र दोघांनी एकमेकांसमोर टाळलंत.

आज सकाळी मी आईचे केस विंचरत होते. ती सहज म्हणाली, “तुझे पप्पा ताईसाठी एकदाही रडले नाहीत. देवावर केवढा विश्वास त्यांचा. मला तो कधी जमला नाही.” इतकी वर्षं ती स्वतःला कमी समजत आली होती. मग मला राहवलं नाही. गुलाबांचा वाफा, नळी, तुमचा आवाज, सगळं सांगितलं. तुम्ही मावशींच्या दारात उभं राहून ऐकलं होतंत, तेही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग तिनं मान न वळवता विचारलं, “मग मला का नाही बोलावलं?”

मी म्हणाले, “पप्पा बोलावणार होते तुला, मीच मध्ये आले.” तिनं मान हलवली आणि मला वेणी घालू दिली. पप्पा, ते खरं होतं की मी रचून सांगितलं, हे माझं मलाच कळलेलं नाही.