दार उघडं ठेवा, एवढंच म्हटलं होतं

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

फरशी चमकवायचं आमचं मशीन गॅसच्या टाकीवर चालतं. तो गॅस जळताना निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, पण बंद जागेत तो जीव घेतो. म्हणून मशीन चालू असताना गोदामाची दारं उघडी हवीत. सुपरवायझर मात्र थंडी आत येते म्हणून ती लावून घेतो. किती सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

काल माझ्या जोडीला काम करणारी मावशी मशीन चालवता चालवता भिंतीला टेकून खाली बसली. "डोकं ठणकतंय गं," एवढंच म्हणाली. मी मशीन बंद केलं आणि तिला ओढतच बाहेर मोकळ्या हवेत नेलं. ती आता दवाखान्यात आहे, धोका टळलाय.

सुपरवायझर म्हणतो, "उपाशीपोटी कामाला येता, मग चक्कर येणारच." अगं, ती माझ्यासमोर पोटभर जेवली होती.

आज पुन्हा दार बंद. मी मशीनला हात लावला नाही. "मग बादली घे आणि हाताने पूस," म्हणाला. दिवसभर पुसतेय, कंबरेचा पार काटा ढिला झालाय. शेवटी त्याने दार उघडलं, तेही वीतभर. उद्याही मी हातानेच पुसणार.

बाबांचा खोकला कसा आहे? आंघोळीला गॅसचा गिझर लावलात की न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवत जा. इथे माझं कोणी ऐकत नाही, निदान तुम्ही तरी ऐका.

तुझीच,
धाकटी