गब्दुलचे मागचे पाय

तीर्थरूप ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, त्याबद्दल तक्रार नाही.) तुझं पित्त कसं आहे? आणि गुडघा? मागच्या फोनवर तू पंचवीस मिनिटं पित्तावर आणि पंधरा मिनिटं गुडघ्यावर बोललीस, म्हणून दोघांची चौकशी वेगवेगळी करते आहे, नाहीतर एकाला राग यायचा. इकडे आम्ही ठणठणीत. ह्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण बस डेपोचं वेळापत्रक काही अंगातून जात नाही. सकाळचा चहा सहा बेचाळीसला सुटतो, आणि मी दोन मिनिटं उशिरा पोचले तर तो गेलेला असतो.

पत्र लिहिण्याचं कारण असं की पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं तुझ्या शहरात येतो आहोत. का, ते ऐकून हसू नकोस. ‘ताऱ्यांचा टपालवाला’ आठवतो ना? न आठवायला काय झालं! दर रविवारी साडेनऊला शेजारच्या काकूंच्या टीव्हीसमोर आपण जागा धरून बसायचो, आणि काकूंनाच मागे बसावं लागायचं. त्या मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन भरतंय. संमेलन म्हटल्यावर तुझ्यातली मुख्याध्यापिका लगेच प्रास्ताविक आणि आभारप्रदर्शन शोधायला लागेल, पण तसलं काही नाही. एक मोठा हॉल असतो, माणसं आपापल्या आवडत्या पात्राचा वेश करून फिरतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि कुणी कुणाला ‘या वयात?’ असं विचारत नाही. रविवारी दुपारी चारला वेशभूषेची स्पर्धा आहे. त्यात मला गब्दुल व्हायचंय. टपालवाल्याचं ते लोंबत्या कानांचं, निम्मी पत्रं वाटेतच खाणारं जनावर गं! संसार झाला, कारखाना उभा राहिला, मुलं मार्गी लागली, आता एवढी एकच हौस उरली आहे. आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय, कारण गब्दुलला चार पाय, म्हणजे माणसं दोन. मागच्या अर्ध्यात कापूस भरून चालणार नाही, जिवंत माणूसच लागेल, असं नियमात स्वच्छ लिहिलंय. माणूस मिळाला नाही तर अर्ज बाद.

तसा गब्दुल तयार आहे. मीच बनवला. पण एकोणतीस वर्षं सोफे बनवणारी बाई जनावर बनवायला बसली की काय होतं, ते ऐक. लाकडी सांगाडा केला, त्यावर पट्टे ताणले, पट्ट्यांवर स्प्रिंगा, मग काथ्या, मग फोम, वर जांभळी मखमल आणि शिवणींना छान पायपिंग. हात सवयीने चालत गेले. दोन पावलं मागे सरून बघितलं, तर दिवाणखान्यात शोभेल असा ऐवज! सकाळी एक गिऱ्हाईक आलं, सरळ गब्दुलच्या पाठीवर बसलं, दोनदा उसळी मारून बघितली आणि यात राखाडी रंग मिळेल का, असं विचारलं. (मी ऑर्डर घेतली. घरी आलेल्या माणसाला नाही कशाला म्हणायचं?) मग लक्षात आलं की कारखान्याचं दार अडीच फुटांचं आणि गब्दुल सव्वातीन फूट रुंद. सोफा आडवा-उभा करून, पाय काढून बाहेर नेता येतो, पण गब्दुलचा सांगाडा काही केल्या वळेना. शेवटी मन घट्ट केलं, स्प्रिंगा उपसल्या, सांगाडा मोडला आणि त्याला बरोबर पोटात कापून चेन लावली. आता तो दोन पिशव्यांत मावतो. त्याच्यावर आता बसता येत नाही म्हणून ह्यांना मात्र फार हळहळ वाटली.

मागच्या भागाचा पहिला मान अर्थात ह्यांनाच दिला. तर पाय ह्यांना लांब झाले. टाचेखाली वीतभर मखमल लोळायला लागली, त्यात कापसाची भुकटी नाकात गेली. मी पुढून मान डोलवत झोकात चालले आहे आणि गब्दुल मागून शिंकतोय, हे तू डोळ्यांसमोर आण. शिवाय प्रत्येक वळणावर आतून ‘जाऊ द्या, जाऊ द्या’ असा डेपोतला आवाज. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या, तेव्हा तो नाद सोडला. मग कारखान्यातल्या सुताराला आत घातलं. माणूस भला, हौशी, पण उंची सहा फूट. मखमल गुडघ्याखाली संपायची आणि पुढे त्याच्या केसाळ पोटऱ्या. पाठ अशी कलायची की गब्दुल सतत डोंगर उतरतोय असं वाटावं. सुतार म्हणाला, पाय उसवून लांब करा की. पण मखमल संपली होती गं, काय करणार? बसत नाहीत तर बसत नाहीत. मी चार दिवस नुसती तोंड पाडून हिंडत होते.

एवढं होऊनही प्रवासाचं वेळापत्रक मात्र ह्यांनी कागदावर आखून भिंतीला लावलंय. संग्रहालयाला पस्तीस मिनिटं (पैकी पाच जिन्याला), नदीवरच्या पुलावर उभं राहून गार वाटून घ्यायला बारा मिनिटं, आणि शनिवारी ५.१० ते ५.५० तुझी भेट, गप्पांसह! त्यातली दहा मिनिटं तुझ्या गुडघ्यासाठी राखीव आहेत. मी भांडले, तर म्हणाले, पित्ताला जागा नाही, ते रविवारी घेऊ. राहायची खोली बघून ठेवली आहे, त्यामुळे तुला कसलाही त्रास द्यायचा नाही. आम्हाला काहीसुद्धा नको. घरी ये म्हण, कपभर चहा दे, बस.

बाकी क्षेम. पत्राच्या शेवटी घरातल्या थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिहितात, पण तुझ्या घरात तुझ्याहून थोर कुणी नाही आणि लहानही कुणी नाही, म्हणून दोन्ही तूच ठेवून घे.

तुझी,
धाकटी

ता. क. काहीसुद्धा नको असं लिहिलं, पण एक राहिलंच. अर्जाची मुदत काल संपत होती आणि मागच्या पायांचा रकाना रिकामा होता. तिथे मी तुझं नाव लिहून अर्ज पाठवून दिला. ओरडण्याआधी ऐक. मागच्या पायांना चेहरा नसतो, त्यामुळे तुझे हजारो माजी विद्यार्थी समोर उभे राहिले तरी एकालाही बाई ओळखू यायच्या नाहीत. गुडघ्याचं म्हणशील, तर गब्दुल मालिकेतही लंगडतच चालायचा, उलट गुण जास्त मिळतील. आणि लहानपणी चादरीखाली गब्दुल खेळायचो तेव्हा थोरली म्हणून डोकं कायम तुझं होतं. चार वर्षं मी तुझा फ्रॉक धरून तुझी पाठ बघत चालले आणि दाराच्या चौकटींचे टोले खाल्ले. एकदा तू माझी पाठ बघ ना!

दुसरा ता. क. ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, ताईंना खोटं लिहू नकोस. बरं बाई, खरं लिहिते. सुतार उत्तम चालत होता. एकाच संध्याकाळी त्याने सगळी पावलं उचलली. मखमलही कपाटात दोन मीटर पडून आहे. पाय मी लांब केले नाहीत, कारण मापात चूक नव्हतीच. पहिल्या दिवशी, गब्दुलचं डोकंसुद्धा झालं नव्हतं तेव्हा, तू इथे विसरून गेलेला निळा पायजमा मी टेबलावर पसरला आणि त्यावरून ते कापले. दाजी गेल्यापासून तुला खळखळून हसताना मी ऐकलेलं नाही, ताई. बक्षीस गेलं खड्ड्यात. मला तू हवी आहेस, मखमलीच्या आत, घामाघूम, माझ्यावर ओरडत. ते पाय दुसऱ्या कुणाला बसायचे नाहीत, आणि मी ते उसवणार नाही. लवकर कळव.