खिडकीखालची दगडी फळी

तेलीबाग, लखनऊ
रविवार, २२ जून १९९७

आदरणीय लतिकाताई,
सप्रेम जयभीम. आम्ही दोघं ठीक आहोत. तू आणि भाऊजीही तिकडे वर्ध्याला बरे असाल. इथे लू अजून थांबलेली नाही. दुपारी लाइट जाते ती चारच्या आधी येत नाही, आणि कमलची टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी नेमकी दुपारचीच असल्यामुळे रविवारी तो पंखा बंद असण्याचा मान मला एकट्याला मिळतो.

रुचिराच्या निकालाचं तुझं पत्र बुधवारी मिळालं. एकाहत्तर टक्के! मी ऑफिसात बर्फी वाटली. शेजारच्या टेबलावरचे गुप्ताजी तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "अच्छा, आपकी बिटिया भी है?" चार वर्षं ते माझ्याशेजारी बसतात. मी म्हटलं, "है ना, बुआ के यहाँ पढ़ती है," आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेलो.

तू विचारलंस की अकरावीचा फॉर्म तिथेच भरायचा की शाळेतून तिचा दाखला काढून तिला इकडे पाठवायचं. लवकर कळव, असं दोनदा लिहिलंस. त्याचं लिहितोच, आधी घराचं सांगतो.

घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. आलमबागच्या त्या एका खोलीतून बाहेर पडायला आम्हाला आठ वर्षं लागली. दोन खोल्यांच्या घरासाठी सोडतीत चार वेळा अर्ज टाकला, चारही वेळा दुसऱ्यांची नावं निघाली. शेवटी कमल म्हणाली, चिठ्ठीच्या भरवशावर राहिलो तर आपली रिटायरमेंट याच खोलीत होईल. मग हा प्लॉट घेतला. पहिल्या पावसाळ्यात त्यावर गुडघाभर पाणी आणि म्हशी. पुढची तीन वर्षं बांधकाम. आमचा मिस्त्री हरिहर माणूस कामाचा, पण गव्हाच्या कापणीला गावी, लग्नाला गावी, मयताला गावी. या तीन वर्षांत त्याच्या तीन आत्या वारल्या, त्यातली एक दोनदा.

पण झालं. आता बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आमची खोली आणि रुचिराची खोली. बुद्धपौर्णिमेला छावणीतली मराठी मंडळी जमली, भन्तेजींनी परित्राण पाठ घेतला, सगळ्यांच्या मनगटांना दोरा बांधला, कमलने खीर केली. भाऊजी रुचिराला घेऊन आले होते, त्यांनी तुला सगळं सांगितलंच असेल. त्यांनी सांगितलं नसेल ते मी सांगतो, कारण त्यांच्या ते लक्षात आलेलं नाही.

रुचिराच्या खोलीत खिडकीखाली अभ्यासासाठी दगडी फळी बसवलेली आहे. पूर्वेचा उजेड थेट पुस्तकावर यावा म्हणून ती जागा मीच ठरवली. गेल्या थंडीत हरिहर भिंतीत खाच पाडायला बसला आणि त्याने विचारलं, "बाबूजी, बिटिया कित्ती बड़ी है?" मी हात पुढे केला आणि कमरेजवळ धरला. कमल चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "थोडं वर धरा, आता वाढली असेल." मी चार बोटं वर घेतला. हरिहरने त्यावरून हिशेब केला, खाच पाडली आणि दगड सिमेंटमध्ये पक्का केला.

दर दिवाळीला आम्ही वर्ध्याला येतो, तिला चार दिवस डोळ्यांनी बघतो. पोरगी उंचीने कमलच्याही वर गेली आहे. तरी माझा हात तिथेच गेला, आणि तिच्या आईलाही तो फक्त चार बोटं चुकीचा वाटला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

ती आली त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तिला खोली दाखवली. ती खुर्ची ओढून बसली आणि तिचे गुडघे दगडावर आपटले. तिने खुर्ची आडवी फिरवली आणि पुस्तक मांडीवर घेतलं. मी वेड्यासारखं विचारलं, "जमतंय ना गं?" तर म्हणाली, "हो पप्पा, खूप छान केलंय तुम्ही."

बारा दिवस राहिली. माठातलं पाणी घेताना कमलला विचारायची, "घेऊ का?" जेवल्यावर ताट घासून पालथं घालायची. कमलने कपाटाचे दोन खण रिकामे ठेवले होते. पोरीने बॅग कॉटखाली ठेवली आणि कपडे त्यातूनच काढले, त्यातच ठेवले. तुला ती 'ए आत्या' म्हणते, तुझ्याशी भांडते, भाजी आवडली नाही तर तोंड वाकडं करते. इथे बारा दिवसांत तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिने एकदा तरी भाजीला नावं ठेवावीत म्हणून कमलने मुद्दाम कारलं केलं. ते तिने दोनदा मागून घेतलं. त्या दिवशी कमल पाळीला लवकर निघून गेली.

चारबाग स्टेशनवर गाडी सुटताना रुचिरा खिडकीतून म्हणाली, "आता दिवाळीत तुम्ही घरी या." भाऊजी शेजारी बसून हसत होते. मीही हसलो.

ताई, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला एकदा ते माझ्या हाताने लिहू दे.

एकोणनव्वदला बाबांना पक्षाघात झाला आणि आपण त्यांना उपचारासाठी इथे आणलं. एका खोलीत त्यांची खाट, आम्ही दोघं, आणि रुचिरा स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पिठाच्या डब्यावर वही ठेवून अभ्यास करायची. तू बाबांना बघायला आलीस आणि म्हणालीस, पोरीला सहा महिने मी नेते. ती आठ वर्षांची होती. ती रडली नाही, कारण मी तिला सांगितलं होतं की घर मोठं झालं की न्यायला येईन. पहिली दोन-तीन वर्षं तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी असायचं, 'घर झालं का?' मग ते यायचं बंद झालं. मला वाटलं, शहाणी झाली.

घर लहान होतं, ते खरंच. पण बाबा नव्वदच्या फेब्रुवारीतच गेले. तेराव्या-चौदाव्या दिवशी मी त्यांची खाट उभी करून भिंतीला टेकवली, आणि खोली मोकळी झाली. पोरीपुरती जागा तेव्हाच झाली होती. त्या मार्चमध्ये मी येऊन तिला आणू शकलो असतो. मी तुला लिहिलं, तिची परीक्षा होऊ दे. मग लिहिलं, तिचा तिथे जम बसला आहे, मधेच कशाला हलवायचं. मग लिहिलं, घर मोठं होऊ दे. हे शेवटचं कारण सगळ्यात चांगलं होतं, कारण ते सात वर्षं पुरलं.

खरं कारण हे की आम्हाला सोपं झालं होतं. माझे दौरे, कमलच्या पाळ्या, सकाळी कुणाची वेणी नाही, डबा नाही, ताप आला तर रजा कोण घेणार यावरून भांडण नाही. मुलगी तुझ्याजवळ सुखात होती आणि आम्ही तिच्यासाठी घर बांधतोय असं सगळ्यांना सांगता येत होतं. मला याची लाज वाटते. कमलशी यावर मी आजवर बोललेलो नाही. तीही बोललेली नाही. ती रोज त्या खोलीत केर काढते, तिथे कचरा होत नाही तरी.

'लवकर कळव' तू दोनदा का लिहिलंस, तेही मला समजलं. तुमच्या घरात दुसरं लेकरू नाही. मी दाखला काढ म्हटलं तर तू एक अक्षर न बोलता काढशील, तिची बॅग भरशील, आणि मग संध्याकाळी भाऊजी आणि तू एकमेकांकडे बघत बसाल. तो त्रास कसा असतो ते आता मी तुला सांगू शकतो, ही गेल्या महिन्यातली माझी कमाई.

मागच्या रविवारी हरिहरला बोलावलं. म्हटलं, हा दगड काढ. त्याने हातोडीने दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं. "निकालेंगे तो दीवार भी जाएगी, बाबूजी. इसको रहने दीजिए, किताब-विताब रखने के काम आएगा. ऊपर दूसरा डाल देते हैं. बस अबकी नाप सही बताइएगा." मी हात वर केला, थोडा खाली घेतला, पुन्हा वर केला. शेवटी त्याला म्हटलं, चिठ्ठी लिहून मागवतो.

म्हणून हे पत्र. तुझ्या शिवणाच्या मशीनवरची टेप घे. रुचिराला खुर्चीवर सरळ बसव आणि जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं ते बघ. पण आधी तिला सांग की हे कशासाठी आहे. हे पत्र तिला वाचायला दिलंस तरी चालेल, खाट उभी केल्याचं धरून सगळं. ती माप द्यायला बसली, तर इंच लिहून पाठव आणि दाखल्याचं बघ. नको म्हणाली, तर तिथला फॉर्म भर आणि मला तेवढंच कळव, कारण लिहू नकोस. कुठल्याही बाजूने तिला समजावू नकोस. आठ वर्षांत आपण तिला एकदाही विचारलेलं नाही.

हरिहरला सहा जुलैचा रविवार सांगून ठेवला आहे, मधे त्याची आणखी एखादी आत्या वारली नाही तर. तोवर मी भिंतीवर खूण करणार नाही.

भाऊजींना जयभीम. कमल पाळीवर आहे, तिला हे पत्र दाखवूनच पेटीत टाकतो. रुचिराला सांग, पप्पांनी विचारलं आहे.

सहा महिन्यांसाठी मुलगी तुझ्या हाती दिलेला,
तुझा धाकटा भाऊ,
श्रीपत