पाठीला ओठ नसतात

प्रिय ताई,

दोन महिने मी तुला फोन केला नाही. फुगून बसले होते. शेंडेफळानं फुगायचं आणि थोरलीनं समजूत काढायची, ही आपल्या घरातली जुनी रीत. या वेळी तू समजूत काढायला आली नाहीस, म्हणून मी आणखीच फुगले. आता तो फुगा फुटलाय. कसा, ते ऐक. म्हणजे वाच!

मी समाजशास्त्र शिकवते, कुणाला मागे ठेवू नका म्हणून तासन्‌तास घसा कोरडा करते, हे तू जाणतेसच. यंदा वर्गात एक बसचालक बाई आहेत, वयानं माझ्याहून मोठ्या. सकाळची पाळी संपवून गणवेशातच येतात. त्यांच्या चाचणीच्या पेपरात 'समाजातील वंचित घटक' कुठेच नव्हते, सगळीकडे 'समाजातील किंचित घटक'! 'किंचितांना न्याय मिळालाच पाहिजे,' असा शेवट. मी पोट धरून हसले, अकरा लाल गोल केले आणि बाईंना बोलावून घेतलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, इंजिनापाशी बसून बसून कान गेले. ओठ बघून समजतं मला. पण तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता, आणि पाठीला ओठ नसतात." वर म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा. ते मला शेजारणीनं तास संपल्यावर सांगितलं."

ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शिपाई डोकावून गेला. आता बाकं गोलात मांडलीत. नवा शब्द आधी फळ्यावर लिहिते, मग वळून बोलते. रोज एक जण सगळ्यांसाठी टिपणं काढतो. वर्ग असा रंगतो म्हणून सांगू! मी चुकून पाठ फिरवली की सगळे एका सुरात ओरडतात, "मॅडम, किंचित इकडे!"

त्या दिवशी जाता जाता बाई म्हणाल्या, "दोनदा विचारलं की माणसं चिडतात. मग आपण 'बरं बरं' म्हणायचं आणि सुटायचं." आणि मला तूच दिसलीस. तीस वर्षं शिवणयंत्रांच्या खडखडाटात बसलेली तू, आणि तुझं हल्लीचं ते 'बरं बरं'. मी लोकांना शिकवते आणि मला घरचंच कळलं नाही. माफ कर गं.

दोन महिन्यांपूर्वी फोनवर मी तुला माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी सांगितली होती. तू म्हणालीस, "बरं बरं, पण उकळून पी." मला वाटलं, तुला पसंत नाही, म्हणून उडवून लावलंस; तुला पाण्याबिण्याचंच काहीतरी ऐकू आलं असणार, हे आत्ता कळतंय. तर आता लिहून सांगते: ताई, मी लग्न करतेय. तो ग्रंथपाल आहे, जन्मभर कुजबुजत आलाय. सध्या आरशासमोर उभा राहून तुझ्याशी मोठ्यानं, तोंड उघडून बोलायचा सराव करतोय. रविवारी आम्ही दोघं येतोय, तुझ्यासमोर बसून विचारायला. तिथं 'बरं बरं' चालणार नाही. हो म्हण, नाहीतर भांड माझ्याशी, पण खरं उत्तर दे.

तुझीच,
फुगा फुटलेली धाकटी