एका तक्त्यात न मावणारे पत्ते

प्रिय दादा,

पत्र फाडायच्या आधी एवढं तरी वाच: सगळ्या फायली जोडून एक प्रोग्रॅम उभा करणारा तुझा लिंकर अजून चालतोय! तू गेल्यावर तीन वर्षं त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी तो माझ्याच गळ्यात पडला. आपल्या तपासणी यंत्राचा प्रोग्रॅम आता एवढा फुगलाय, की त्यातल्या सगळ्या फंक्शनांचे पत्ते एका तक्त्यात मावेनात. तक्ता भरला की लिंकर हात वर करतो आणि सगळ्या मजल्याचं काम ठप्प.

तू तेव्हाच म्हणायचास, तक्ते अनेक करू आणि प्रत्येक फायलीला तिचा तक्ता नेमून देऊ. तसं करूनही दाखवलंस, पण तू गेलास त्याच दिवशी तो बदल काढून पुन्हा एकच तक्ता ठेवला गेला. आता मी तेच केलं. फक्त तू फायली आल्या तशा ओळीने वाटल्या होत्यास. मी तेच तेच पत्ते मागणाऱ्या फायली एकत्र बसवल्या. मग एकच पत्ता चार ठिकाणी लिहावा लागत नाही. अकरा तक्ते लागले असते, सहांत भागलं. आहे की नाही तुझीच बहीण? आई म्हणते, दोघंही सारखेच हट्टी. तुझी खुर्ची अजून करकरते.

पण चाचणीत यंत्र मध्येच बंद पडलं, अगदी तीन वर्षांपूर्वी ग्राहकासमोर पडलं होतं तसंच. तेव्हा भर बैठकीत मी ताडकन उठून म्हणाले होते, दोष दादाच्या तक्त्यांत आहे. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, टेबल आवरलंस आणि नोकरी सोडलीस. त्यानंतर माझा फोन कधी उचलला नाहीस.

या वेळी मी इरेला पेटले. आठवडाभर एकेक फाईल चाळली आणि सापडली. माझीच, दादा! नोकरीच्या पहिल्या महिन्यात, तक्ता एकच असतो असं धरून लिहिलेली. तू तिला दुसरा तक्ता दिलास, तरी ती मेली पहिल्यातच बघत राहिली आणि भलताच पत्ता घेऊन आली.

तुझ्या जुन्या संगणकावर तिची प्रत होती. चुकलेल्या ओळीवर तुझी टीप, बैठकीच्याच सकाळची: ‘चूक इथे आहे. बैठकीनंतर तिला एकटीला सांगायचं.’ वाचून ढसाढसा रडले.

सोमवारी दहा वाजता त्याच खोलीत बैठक आहे. नोकरी गेली तर जाऊ दे, मला अडवू नकोस. ये मात्र नक्की. तुझी खुर्ची आत नेऊन ठेवतेय. तू मला एकटीला सांगणार होतास. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

तुझीच,
टिकटिक